घरात कॅन्सर आहे. जनुक चाचणी आधी कोणाची करायची?

"आईला कॅन्सर झालाय, तर माझी जनुक चाचणी करून टाका," असं सांगत माणसं आनुवंशिकी विभागात येतात. त्यावर आमचा उलट प्रश्न असतो, "आईंना बरोबर का नाही आणलंत?" समोरच्याला वाटतं, आईचे उपचार तर चालूच आहेत, आता काळजी पुढच्या पिढीची. पण या चाचणीचं सगळं गणित आजारी माणसापासून सुरू होतं. ते का, आणि त्याच्या आधी-नंतर काय काय करावं लागतं, हे पहिल्यांदाच या वाटेला आलेल्यांसाठी क्रमानं लिहितो आहे. क्रम चुकला तर हातात कागद येतो, उत्तर येत नाही.

एक खुलासा सुरुवातीलाच करतो. प्रत्येक कॅन्सरमध्ये जनुकं बिघडलेली असतात, पण म्हणून प्रत्येक कॅन्सर आनुवंशिक नसतो. वयाबरोबर पेशींच्या डीएनएमध्ये बिघाड साठत जातात आणि त्यातून गाठ तयार होते. हे बिघाड त्या गाठीपुरतेच असतात, मुलांकडे जात नाहीत. आई किंवा वडिलांकडून आलेल्या एखाद्या जनुकातल्या मोठ्या दोषामुळे कॅन्सर झाला, असं शंभरातल्या साधारण ५ ते १० रुग्णांमध्येच आढळतं.

पहिली पायरी: शंका रास्त आहे का ते बघा

घरात दोघा-तिघांना कॅन्सर झाला एवढ्यावरून घाबरू नका. कॅन्सर हा सर्रास होणारा आजार आहे आणि मोठ्या घराण्यात सत्तरी-पंच्याहत्तरीच्या तिघांना तीन वेगवेगळ्या अवयवांचे कॅन्सर निव्वळ योगायोगानंही होतात. आम्ही बघतो ते वय, जोडी आणि प्रकार.

वय म्हणजे पन्नाशीच्या आत झालेला स्तनाचा, मोठ्या आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर. जोडी म्हणजे एकाच माणसाला दोन स्वतंत्र कॅन्सर, दोन्ही स्तनांत किंवा दोन्ही डोळ्यांत गाठ, किंवा घराण्याच्या एकाच बाजूला ठरावीक कॅन्सर एकत्र येणं. स्तन, अंडाशय, स्वादुपिंड आणि प्रोस्टेट यांची एक जोडणी आहे. तिच्यामागे बहुधा बीआरसीए१ किंवा बीआरसीए२ या जनुकातला दोष असतो. मोठं आतडं आणि गर्भाशयाचं अस्तर यांची दुसरी. ती लिंच सिंड्रोमची, म्हणजे डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या जनुकांतल्या आनुवंशिक दोषाची. लहान वयात सार्कोमा (हाडं-स्नायूंसारख्या ऊतींचा कॅन्सर), मेंदूची गाठ, लहान मुलात ॲड्रिनल ग्रंथीचा कॅन्सर आणि तिशीच्या आत स्तनाचा कॅन्सर असं एका घरात दिसलं की आम्ही टीपी५३ जनुकाचा, म्हणजे ली-फ्रॉमेनी सिंड्रोमचा विचार करतो.

काही कॅन्सरचा प्रकारच असा असतो की घरात दुसरं कोणी आजारी नसलं तरी चाचणी सुचवली जाते. अंडाशयाचा हाय-ग्रेड सीरस कॅन्सर, पुरुषाला झालेला स्तनाचा कॅन्सर, स्वादुपिंडाचा नेहमीचा कॅन्सर, पसरलेला प्रोस्टेट कॅन्सर, थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर आणि बाळाच्या डोळ्यातला रेटिनोब्लास्टोमा हे त्यातले मुख्य. उलट धूम्रपान करणाऱ्याचा फुफ्फुसाचा कॅन्सर किंवा एचपीव्ही विषाणूमुळे होणारा गर्भाशयमुखाचा कॅन्सर यांनी घराण्याबद्दल फारसं काही कळत नाही.

कमी वयाला एवढं महत्त्व का, हे आल्फ्रेड नडसन यांनी १९७१ साली रेटिनोब्लास्टोमावरून दाखवून दिलं. गाठींना अटकाव करणाऱ्या जनुकाच्या प्रत्येक पेशीत दोन प्रती असतात. साधारण माणसात एकाच पेशीतल्या दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात आणि त्याला वर्षं जातात. ज्याची एक प्रत जन्मापासूनच सगळ्या पेशींत नादुरुस्त आहे, त्याच्या कोणत्याही पेशीत एकच आघात पुरतो. म्हणून आजार लवकर येतो, आणि एकाहून अधिक ठिकाणी येतो.

इथे नवख्यांची हमखास चूक होते ती वडिलांची बाजू सोडून देण्याची. "स्तनाचा कॅन्सर ना, मग आईकडचंच बघायचं," हा समज पार चुकीचा आहे. बीआरसीएचे दोष वडिलांकडूनही तितकेच येतात, प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता. अनेकदा वडिलांना स्वतःला काही होत नाही, त्यांना बहिणी नसतात, आणि दोष एक पिढी न दिसता पुढे सरकतो. घराणं लहान असेल किंवा त्यात पुरुषच जास्त असतील, तर एका चाळिशीतल्या रुग्णावरूनही शंका घेतलेली बरी.

दुसरी पायरी: वंशावळ काढा, आणि नीट काढा

सगळ्या प्रवासात सर्वांत जास्त वेळ इथे घाला. यंत्रं रोज सुधारत आहेत, पण रिपोर्टमधल्या अक्षरांचा अर्थ शेवटी घराण्याकडे बघूनच लावावा लागतो.

याचं जुनं उदाहरण मिशिगनमधलं आहे. १८९५ साली आल्ड्रेड वॉर्थिन या विकृतिशास्त्रज्ञाला त्याच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बाईनं सांगितलं, की आमच्या घरात सगळे आतड्याच्या, पोटाच्या किंवा बायकांच्या अवयवांच्या कॅन्सरनं जातात, मीही तशीच जाईन. ती गर्भाशयाच्या कॅन्सरनंच गेली. वॉर्थिननं तिच्या घराण्याची माहिती जमवून १९१३ साली छापली. पुढे हेन्री लिंच यांनी १९६०च्या दशकात अशी आणखी घराणी मांडली, आणि त्या बाईच्या घराण्यात शंभर वर्षांनंतर लिंच सिंड्रोमच्या एमएसएच२ या जनुकातला बदल सापडला. निदान तिनं तोंडी आधीच केलं होतं.

एक मोठा कागद घ्या. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, आजारी असेल तर आत रंग भरा, हयात नसेल तर तिरकी रेघ. किमान तीन पिढ्या: तुम्ही आणि भावंडं, आई-वडील आणि त्यांची भावंडं, दोन्हीकडचे आजी-आजोबा. मुलं असतील तर तीही. "आजीला होता" असं नुसतं लिहू नका. आईची आई की वडिलांची आई, ते लिहा. आते, मामे, चुलत, मावस भावंडंही त्या त्या फांदीवरच बसवा.

प्रत्येक आजारी माणसापुढे अवयव आणि निदानाच्या वेळचं वय लिहा. मृत्यूचं वय पुरत नाही. मावशी ६१व्या वर्षी गेली पण निदान ४४व्या वर्षी झालं होतं, तर आमच्या दृष्टीनं ४४ महत्त्वाचं.

अवयवाच्या बाबतीत घरातल्या आठवणींवर विसंबू नका. "पोटाचा कॅन्सर" म्हणजे जठर, आतडं, अंडाशय, स्वादुपिंड यांपैकी काहीही असू शकतं. "लिव्हरचा" आणि "हाडाचा" असं सांगितलेले कॅन्सर पुष्कळदा दुसरीकडून पसरून तिथे आलेले असतात. म्हणून जुन्या फायली शोधा. सगळ्यांत मोलाचा कागद बायोप्सीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट. तो नसेल तर डिस्चार्ज कार्ड. ऑपरेशन जिथे झालं तिथे मेणात जपलेला गाठीचा तुकडा, म्हणजे ब्लॉक, अजूनही असू शकतो. विचारून ठेवा.

निरोगी माणसं गाळू नका. नव्वदीपर्यंत ठणठणीत जगलेल्या तीन आत्या ही मोठी माहिती असते. तसंच कोणाचं गर्भाशय-अंडाशय ऐन चाळिशीत दुसऱ्याच कारणानं काढलं होतं का, कोणी तरुणपणी अपघातात गेलं का, हेही लिहा. अशा माणसांत दोष असूनही दिसायची संधीच मिळालेली नसते. आतड्यातले पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावरचे कोंब, काढलेले असतील तर किती होते ते विचारा. दोन-चार आणि शंभर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दत्तक आणि सावत्र नाती खरी तशी नोंदवा, आणि नात्यात लग्नं झाली असतील तर तेही.

या चौकशीत घरात जुन्या जखमा उघड्या पडतात, हे गृहीत धरा. अनेक घरांत एखाद्या काकूचा आजार कधी उच्चारलेलाच नसतो. फोनवर यादी वाचत सुटण्यापेक्षा घरातल्या सगळं लक्षात ठेवणाऱ्या एका ज्येष्ठ व्यक्तीजवळ तासभर बसा.

तिसरी पायरी: योग्य माणूस निवडा

आता मूळ प्रश्नाकडे. समजा आईला ४२व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला आहे आणि तिची २५ वर्षांची मुलगी निरोगी आहे. मुलीची चाचणी केली आणि काही सापडलं नाही. याचे तीन अर्थ होतात. आईत दोष आहे पण मुलीला तो मिळाला नाही. मग मुलगी सुटली. आईत दोष आहे, पण आजच्या चाचणीला तो दिसत नाही. मग मुलीत तो असूही शकतो. किंवा आईत असा एकटा मोठा दोष मुळातच नाही, आणि मुलीचा धोका कौटुंबिक इतिहासामुळे थोडा वाढलेला आहे तो आहेच. तिन्ही शक्यतांत मुलीचा रिपोर्ट अक्षरशः एकच येणार. नुसत्या त्या कागदावरून त्या वेगळ्या करता येत नाहीत.

आईची चाचणी आधी केली आणि दोष सापडला, की मुलीपुढचा प्रश्न एकदम सोपा होतो: नेमका तोच बदल आहे की नाही. नसेल तर ते खरं "नाही" असतं आणि तिचा धोका सर्वसाधारण स्त्रीइतका धरता येतो. वाढीव तपासण्या थांबतात. शिवाय आईच्या उपचारांनाही या उत्तराचा उपयोग असतो, त्याबद्दल पुढे.

त्यामुळे घरातली सर्वांत कमी वयात आजारी पडलेली, किंवा दोन कॅन्सर झालेली, किंवा अंडाशयासारखा दुर्मीळ कॅन्सर झालेली हयात व्यक्ती आधी. ती खूप आजारी असेल तर तिचं रक्त घेऊन डीएनए साठवून ठेवायची सोय आहे का ते लगेच विचारा. चाचणीचा निर्णय नंतर घेता येतो, नमुना नंतर मिळत नाही. अर्थात तिची संमती हवीच, आणि तिला नको असेल तर आग्रह नको.

आजारी व्यक्ती कोणीच हयात नसेल तर जपलेल्या ब्लॉकमधून प्रयत्न करता येतो, पण जुन्या मेणातला डीएनए तुकडे झालेला असतो आणि दर वेळी जमतंच असं नाही. शेवटचा मार्ग म्हणून निरोगी व्यक्तीची चाचणी करतात, तिच्या मर्यादा आधी सांगून.

चौथी पायरी: पहिली भेट

सुई लगेच टोचली जात नाही. पहिल्या भेटीत डॉक्टर किंवा जनुकीय समुपदेशक वंशावळ पुन्हा काढतात आणि गरज असेल तर तुमची तपासणी करतात. डोक्याचा घेर मोजला तर चकित होऊ नका. कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या पीटीईएन जनुकाच्या दोषात डोकं मोठं असतं. ओठांवरचे काळसर ठिपके प्यूट्झ-जेगर्स या आतड्यात पॉलिप होणाऱ्या आनुवंशिक सिंड्रोमकडे बोट दाखवतात. मग दोष असण्याची शक्यता किती याचा अंदाज कॅनरिस्कसारख्या गणनसाधनांनी बांधला जातो.

कोणती चाचणी करायची हे इथेच ठरतं. हल्ली बहुतेक वेळा एकाच वेळी अनेक जनुकं वाचणारं पॅनल करतात. मोठं पॅनल जास्त चांगलं असा एक मोह असतो. मला तो पटत नाही. जितकी जास्त जनुकं वाचाल तितके अर्थ न लागणारे बदल जास्त, आणि ज्यांच्याबाबत पुढे काय करायचं हेच ठरलेलं नाही अशा जनुकांची नावं घेऊन रात्री जागण्यात फायदा नाही. घराण्यातल्या कॅन्सरशी संबंध असलेली आणि ज्यांच्यावर काही करता येतं अशी जनुकं पुरतात.

संमतीपत्र वाचूनच सही करा. अनपेक्षित काही सापडलं तर तुम्हाला ते हवं आहे का, उरलेल्या नमुन्याचं काय होणार, रिपोर्ट नातेवाइकांच्या डॉक्टरांना देता येईल का, तुम्ही रिपोर्ट घ्यायला नसाल तर तो कोणाला द्यायचा, हे त्यात असतं किंवा असायला हवं. विम्याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. आयुर्विमा काढायचा विचार असेल तर चाचणीआधी चौकशी करा.

थुंकी पोस्टानं पाठवून घरबसल्या होणाऱ्या चाचण्यांबद्दल थोडक्यात. त्यांतल्या एका प्रसिद्ध चाचणीला अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेनं २०१८ साली बीआरसीएसाठी मान्यता दिली ती फक्त तीन बदलांसाठी, आणि ते तिन्ही मुख्यतः अश्केनाझी (मध्य-पूर्व युरोपातल्या मूळच्या) ज्यू समाजात आढळणारे. या जनुकांत आजार देणारे बदल हजारो आहेत. तशा चाचणीतल्या "नाही"वर निश्चिंत होऊ नका, आणि "आहे" आलं तर प्रयोगशाळेत दुसऱ्या नमुन्यावर पडताळून घेतल्याशिवाय कोणताही निर्णय घेऊ नका.

पाचवी पायरी: नमुना

रक्ताची एक नळी किंवा थुंकी, उपाशीपोटी राहायची गरज नाही, रिपोर्टला काही आठवडे. पण दोन प्रसंगी आधी सांगायलाच हवं.

दुसऱ्या कोणाच्या बोनमॅरोचं प्रत्यारोपण झालेलं असेल, तर तुमच्या रक्तातल्या पेशी दात्याच्या असतात आणि रिपोर्ट दात्याचा येईल. थुंकीतही रक्तातल्या पांढऱ्या पेशी असतात, त्यामुळे तीही चालत नाही. अशा वेळी त्वचेचा छोटा तुकडा घेऊन पेशी वाढवतात. दुसरा प्रसंग रक्ताच्या कॅन्सरचा. तिथे रक्तात कॅन्सरच्याच पेशी असतात, म्हणून तिथेही त्वचा बरी. वय झालेल्या किंवा केमो घेतलेल्या माणसांत तर रक्तपेशींच्या एखाद्याच वंशात टीपी५३ मध्ये नवा बदल झालेला असतो आणि तो जन्मजात असल्यासारखा रिपोर्टमध्ये येऊन बसतो. यंत्र एकच जागा अनेकदा वाचतं; जन्मजात बदल त्यातल्या साधारण निम्म्या वाचनांत दिसतो. १०-१५ टक्क्यांतच दिसत असेल तर शंका घ्यायची.

गाठीची चाचणी आणि रक्ताची चाचणी यांत गल्लत करू नका. गाठीत सापडलेला बदल त्या गाठीपुरता असू शकतो. पण गाठीच्या रिपोर्टमध्ये बीआरसीए दिसलं, तर रक्तावर पडताळा करायचा विषय डॉक्टरांकडे तुम्हीच काढा. घाईच्या ओपीडीत तो राहून जातो. आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या गाठीवर डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या चार प्रथिनांची तपासणी होते: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६. एमएसएच२ गायब असेल तर लिंच सिंड्रोमची शंका बळकट होते. एमएलएच१ गायब असेल तर मात्र आधी गाठीतला बीआरएएफ जनुकाचा बदल आणि मेथिलेशन (जनुक बंद पाडणारी रासायनिक खूण) बघतात, कारण वयस्कर रुग्णांत हे जनुक गाठीपुरतंच बंद पडलेलं असतं आणि घराण्याचा त्याच्याशी संबंध नसतो.

सहावी पायरी: रिपोर्ट वाचणं

रिपोर्टच्या मधोमध असं काही दिसेल: बीआरसीए१, सी.६८_६९डेलएजी. यातला "सी" म्हणजे जनुकाचा प्रथिन घडवणारा मजकूर. त्यातली ६८ आणि ६९ क्रमांकाची ए आणि जी ही दोन अक्षरं गळाली आहेत. डीएनएचा मजकूर तीन-तीन अक्षरांच्या गटांत वाचला जातो, त्यामुळे दोन अक्षरं गळाली की पुढचे सगळे गट चुकतात आणि प्रथिन अर्ध्यातच संपतं. हाच बदल जुन्या रिपोर्टांत १८५डेलएजी किंवा १८७डेलएजी म्हणून लिहिलेला सापडेल, कारण तेव्हा मोजायची सुरुवात वेगळ्या जागेपासून होत असे. मावशीच्या जुन्या रिपोर्टवर एक आकडा आणि तुमच्यावर दुसरा, म्हणून दोन वेगळे दोष समजू नका. आमच्याकडे येताना नातेवाइकाच्या रिपोर्टची प्रत आणा, फोनवर ऐकलेला आकडा नको.

त्यापुढे वर्ग लिहिलेला असतो. २०१५ साली अमेरिकेतल्या दोन व्यावसायिक संस्थांनी ठरवलेली पाच वर्गांची पद्धत आज जगभर वापरली जाते: आजारकारक, बहुधा आजारकारक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. पहिल्या दोन वर्गांवर आम्ही कृती करतो. शेवटचे दोन बहुतेक प्रयोगशाळा छापतही नाहीत. मधला वर्ग सगळ्यांना छळतो.

अनिश्चित, ज्याला सगळे व्हीयूएस म्हणतात, याचा अर्थ "थोडा धोका" असा नाही. बदल दिसला आहे, त्याचा अर्थ लावायला पुरावा कमी आहे, एवढंच. अशा बदलावरून अंडाशय काढू नयेत, स्तन काढू नयेत, आणि नातेवाइकांचा धोका ठरवण्यासाठी त्यांची चाचणीही करू नये. तुमची काळजी वंशावळीवरून ठरते, जणू तो बदल दिसलाच नाही. पुढे वर्ग बदलतो तेव्हा अशातले बहुतेक बदल निरुपद्रवीकडेच जातात. ज्या समाजांचे डीएनए कमी वाचले गेले आहेत त्यांच्यात हे अनिश्चित रिपोर्ट जास्त येतात, कारण तुलनेला नमुनेच कमी. कधी कधी डॉक्टर दोन-तीन नातेवाइकांचं रक्त मागतात, तेव्हा आजारी असलेल्या सगळ्यांत तो बदल आहे का हे बघायचं असतं. ते त्या बदलाचं परीक्षण असतं, त्या नातेवाइकाला त्यातून स्वतःसाठी उत्तर मिळेल असं नाही.

रिपोर्टच्या शेवटी बारीक अक्षरांत चाचणीची पद्धत असते. तिथे मोठे गळालेले किंवा दुप्पट झालेले तुकडे तपासले आहेत का ते बघा. काही ठिकाणी त्यासाठी एमएलपीए ही वेगळी चाचणी लागते. अक्षरं वाचणाऱ्या साध्या पद्धतीला हे दोष निसटतात. दोन प्रतींचं पुस्तक तपासताना एका प्रतीतलं अख्खं पानच फाटलेलं असलं, तर दुसऱ्या प्रतीतलं पान वाचून तपासनीस "शुद्धलेखन ठीक" असा शेरा मारतो, तसं होतं.

सातवी पायरी: दोष सापडला, पुढे?

"बीआरसीए पॉझिटिव्ह" हे कॅन्सरचं निदान नव्हे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ८० वर्षांपर्यंत स्तनाच्या कॅन्सरची शक्यता बीआरसीए१ मध्ये ७२ टक्के आणि बीआरसीए२ मध्ये ६९ टक्के निघाली. अंडाशयाची अनुक्रमे ४४ आणि १७ टक्के. हे आयुष्यभराचे आकडे आहेत. तिशीतल्या बाईनं डॉक्टरांना पुढच्या दहा वर्षांतली शक्यता विचारावी, ती पुष्कळच कमी असते आणि निर्णय त्यावर घेणं सोपं जातं.

स्तनांसाठी पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय आणि तिशीपासून जोडीला मॅमोग्राफी असा नेहमीचा आराखडा. स्तन आधीच काढून टाकणं हा पर्याय आहे, सक्ती नाही. अंडाशयांची गोष्ट वेगळी. सोनोग्राफी आणि सीए-१२५ या रक्तचाचणीनं जीव वाचतात असं सिद्ध झालेलं नाही, म्हणून मुलं झाल्यावर बीआरसीए१ मध्ये ३५ ते ४० आणि बीआरसीए२ मध्ये ४० ते ४५ या वयात बीजनलिकांसह अंडाशय काढण्याचा सल्ला आम्ही ठामपणे देतो. पाळी अकाली थांबण्याचे त्रास खरे आहेत; हार्मोन-उपचारांबद्दल ऑपरेशनच्या आधी बोला, नंतर नको. पुरुषांनीही हा कागद बायकांचा म्हणून बाजूला ठेवू नये: बीआरसीए२ मध्ये प्रोस्टेटचा कॅन्सर लवकर आणि आक्रमक येतो, म्हणून चाळिशीपासून पीएसए ही प्रोस्टेटची रक्तचाचणी करतात.

आजारी व्यक्तीला फायदा थेट उपचारांत होतो. बीआरसीए बिघडलेल्या गाठींवर ओलापॅरिबसारखी पार्प-रोधक औषधं (डीएनए दुरुस्त करणारं पार्प प्रथिन रोखणारी) चालतात. २०१४ पासून ती वापरात आहेत. लिंचच्या गाठी इम्युनोथेरपीला चांगला प्रतिसाद देतात.

लिंचमध्ये मुख्य शस्त्र कोलोनोस्कोपी. एमएलएच१ आणि एमएसएच२ मध्ये २० ते २५ वयापासून दर एक-दोन वर्षांनी, एमएसएच६ आणि पीएमएस२ मध्ये थोडी उशिरा. ती नुसती पाहणी नाही. पॉलिप तिथल्या तिथे काढले जातात आणि कॅन्सर टळतो. कॅप-२ या औषध-अभ्यासात दोन वर्षं रोज ६०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेतलेल्या लिंच-वाहकांत आतड्याचा कॅन्सर पुढच्या काळात कमी झाला. तरी दुकानातून आणून गोळ्या सुरू करू नका. रक्तस्राव आणि मूत्रपिंडाचा विचार डॉक्टरांना करू द्या.

आठवी पायरी: नातेवाइकांना कळवणं

तुमच्या भावंडांना आणि मुलांना प्रत्येकी निम्मी शक्यता असते. कळवायचं काम तुमचं, कारण आमच्याकडे त्यांचा पत्ता नसतो आणि तुमच्या संमतीशिवाय आम्ही बोलूही शकत नाही. तोंडी सांगताना शब्द घसरतात. छोटं पत्र लिहा, साधारण असं:

"नमस्कार. माझ्यावर अंडाशयाच्या कॅन्सरचे उपचार झाले हे आपल्याला माहीत आहेच. माझ्या जनुक चाचणीत बीआरसीए१ मध्ये आजारकारक बदल सापडला आहे. तो आपल्या घरात आणखी कोणात असू शकतो, पुरुषांतही. असला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही, पण आधी कळलं तर करण्यासारखं बरंच आहे. चाचणी करायची की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. करायची असेल तर सोबतची रिपोर्टची प्रत डॉक्टरांना दाखवा, म्हणजे तेवढी एकच जागा तपासून भागेल."

"आता साठी उलटली, मला कशाला?" असं आत्या म्हणाल्या तर त्यांना सांगा, तुमच्यात नसेल तर तुमच्या मुला-नातवंडांना चाचणीची गरजच उरत नाही. उलट नातीनं परस्पर चाचणी केली आणि ती पॉझिटिव्ह आली, तर मधल्या पिढीचं उत्तर तिला न विचारता उघड होतं. म्हणून शक्यतो वरून खाली या.

लहान मुलांची चाचणी कधी? बालपणीच काही करायचं असेल तेव्हाच. एपीसी जनुकामुळे होणाऱ्या पॉलिपोसिसमध्ये (आतड्यात ढिगानं पॉलिप होणं) १०-१२ वर्षांपासून आतड्याची तपासणी लागते, म्हणून त्या वयाच्या सुमारास. आरईटी या थायरॉइडच्या मेड्युलरी कॅन्सरच्या जनुकातल्या काही बदलांत थायरॉइड पहिल्या वर्षातच काढतात, काहींत पाच वर्षांच्या आत, म्हणून बाळपणीच. रेटिनोब्लास्टोमाच्या घरात जन्मल्याबरोबर. बीआरसीए आणि लिंचसाठी मात्र मूल सज्ञान होऊन स्वतः ठरवेपर्यंत थांबायचं, आईबापांचा जीव कितीही टांगणीला लागला तरी.

मूल हवं असलेल्या जोडप्यांनी एक वेगळा प्रश्न विचारावा. बीआरसीए२ चा दोष दोघांकडूनही आला तर बाळाला फॅन्कोनी ॲनिमिया हा बोनमॅरो निकामी करणारा गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून, विशेषतः नात्यात लग्न झालेलं असेल तर, जोडीदाराची चाचणी करतात. आयव्हीएफमध्ये गर्भ रुजवण्याआधी तपासण्याची सोयही आहे.

नववी पायरी: काहीच सापडलं नाही तर

आजारी व्यक्तीत काही सापडलं नाही, तर घरातल्या निरोगी माणसांची चाचणी करण्यात अर्थ नसतो. तपासण्या मात्र वंशावळीवरून ठरतात: ४२व्या वर्षी आजारी पडलेल्या आईच्या मुलीला स्तनाची तपासणी इतरांपेक्षा लवकर सुरू करायला सांगितली जाते, रिपोर्ट कोरा असला तरी. घराणं फारच बोलकं असेल, तर जुनी चाचणी किती जनुकांची होती ते बघून काही वर्षांनी नवी करता येते. २०१३ च्या आधी बीआरसीएपुरतीच झालेली चाचणी आज अपुरी म्हणावी लागेल. स्तनाच्या कॅन्सरशी संबंध असलेली पीएएलबी२ सारखी जनुकं तेव्हा पॅनलमध्ये नसत.

रिपोर्टची मूळ प्रत आणि वंशावळीचा कागद एकाच फायलीत ठेवा. दर दोन-तीन वर्षांनी विभागाला विचारा: अनिश्चित बदलाचा वर्ग बदलला का? घरात नवा कॅन्सर निघाला, लग्न ठरलं, मूल हवं आहे, तर तेवढी वाटही बघू नका. आणि फोन करताना नव्या रुग्णाचं नातं, अवयव आणि निदानाच्या वेळचं वय हाताशी ठेवा. पॅथॉलॉजी रिपोर्टचा फोटो मिळाला तर आधीच पाठवून द्या.